पिशवी आणि धूर: सांगलीकर नेहमी विचारतात ते प्रश्न

गणपती पेठेजवळच्या एका बोळात माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसलं की दिवसातून दहा वेळा कानावर येतं, "मालक, पिशवी द्या की." नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "सरकारला फक्त आमची पिशवी दिसते. तो धूर दिसत नाही का?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. घरी आईला दमा आहे आणि थंडीत तिचा पंप उशाशीच असतो. त्यामुळे धुराकडे मी गिऱ्हाइकांपेक्षा जरा जास्तच लक्ष देतो. लोक जे विचारतात त्याची उत्तरं मला जमली तशी इथे लिहिली आहेत.

सरकारला पिशवीच का दिसते?

पिशवीची पावती फाडता येते, म्हणून.

2018 च्या पावसाळ्यात माझ्या दुकानात पथक आलं. चौघं होते. एकाने गल्ल्याखालचा खण उघडला. आत पातळ पिशव्यांचे दोन गठ्ठे होते, जुना माल संपवून टाकू म्हणून ठेवलेले. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरची गरजच पडली नाही. राज्याच्या अधिसूचनेनुसार पहिल्या वेळेला 5,000 रुपये दंड आहे, तो मी भरला. चूक माझी होती आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्याच आठवड्यात रोज सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या बोळाच्या टोकाला कचऱ्याचा ढीग पेटवला जायचा. पाऊस उघडला की पेटवायचा, अर्धवट विझू द्यायचा. त्यात ओला कचरा, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, चपला, सगळंच. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये आदेश दिलेला आहे: उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000. प्लॅस्टिकबंदीतही पहिला दंड 5,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद. आकडे तेच. मात्र त्या ढिगाची पावती एकदाही फाटल्याचं मी पाहिलं नाही, कारण काडी कुणी लावली हे कुणीच सांगत नाही. माझ्या खणाला मालक होता, ढिगाला नव्हता.

दुसरं कारण खात्यांचं. पिशवीचं काम महापालिकेचं पथक एकट्याने उरकू शकतं. हवेचं तसं नाही. गाड्या आरटीओकडे, कारखान्यांच्या चिमण्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, रस्त्याची धूळ महापालिका आणि बांधकाम खात्याकडे, शेतातला जाळ महसूल आणि कृषी खात्याकडे. एवढ्या टेबलांवर फाइल फिरली की ती कुणाचीच राहत नाही.

बंदी नेमकी कशावर आहे? दर वर्षी नियम बदलतो असं वाटतं.

थोडक्यात सांगतो. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरानंतर महाराष्ट्राने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. 23 मार्च 2018 ला राज्याने जाडी न बघता सगळ्याच कॅरीबॅग, थर्माकोलच्या पत्रावळ्या, ताट-वाट्या, चमचे, स्ट्रॉ बंद केले आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून आली. देशभरासाठी पिशवीची किमान जाडी आधी 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली.

म्हणून परराज्यात चालणारी जाड पिशवी आपल्याकडे चालेलच असं नाही. प्रवासातून आणलेली पिशवी दाखवून "ही कशी काय चालते मग?" असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं.

सांगलीची हवा खरंच खराब आहे का? इथे काय दिल्ली आहे का?

दिल्ली नाही. पण स्वच्छही नाही, आणि हे मी पदरचं सांगत नाही. केंद्राने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सलग पाच वर्षं हवेचं मानक न पाळू शकलेली शहरं त्यात घेतली. महाराष्ट्रातल्या त्या शहरांमध्ये मुंबई, पुणे, चंद्रपूर आहेत, शेजारचं कोल्हापूर आहे आणि आपली सांगलीही आहे. आपल्या गावाचं नाव त्या यादीत आहे हे दुकानात सांगितलं की अजूनही लोक चमकतात.

मोजमाप समजून घ्यायचं तर "मायक्रॉन" हा शब्द धरा. पिशवीमुळे तो आपल्याला पाठ झालाच आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जुन्या नियमातल्या पिशवीएवढा. हवेतली जी धूळ मोजतात ती 10 मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि सगळ्यात घातक ती 2.5 पेक्षा बारीक. ती नाकात अडकत नाही. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथून रक्तात उतरते. आपल्या देशाचं मानक असं आहे: 10 मायक्रॉनच्या धुळीची वर्षाची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत, 2.5 ची 40 च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हेच आकडे 15 आणि 5 सांगितले. म्हणजे आपलं मानक पाळलं तरी हवा चांगली झाली असं म्हणता येत नाही.

मोजतं कोण? रोज मोजतात का?

प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी हाताने चालवायची केंद्रं आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104 वेळा मोजतात. यंत्रात गाळणीचा कागद बसवायचा, चोवीस तास हवा ओढायची आणि कागदाचं वजन किती वाढलं ते बघायचं. पद्धत भरवशाची आहे. पण मधल्या दिवशी पहाटे जो ढीग पेटला तो त्या कागदावर येत नाही. आपोआप चालणारी केंद्रं तासातासाचा आकडा देतात आणि तशी केंद्रं गावाच्या प्रत्येक भागात हवीत. विश्रामबागची हवा, कुपवाड एमआयडीसीची हवा आणि मिरज स्टेशनजवळची हवा एकसारखी नसते.

हा धूर येतो तरी कुठून?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देतो, कारण इथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

डोळ्यांना सगळ्यात जास्त दिसते ती रस्त्याची धूळ. कधी ड्रेनेजसाठी, कधी पाइपलाइनसाठी रस्ता खोदायचा, चर मुरमाने बुजवायचा आणि डांबराची वाट बघत बसायचं. वरून खडी-वाळूचे डंपर ताडपत्रीशिवाय जातात. शंभर फुटी रस्त्याला संध्याकाळी दुचाकीवरून गेलं की घरी रुमाल धुताना पाणी कसं होतं ते बघा.

मग गाड्या. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या भारत स्टेज सहा या धुराच्या मानकाच्या आहेत. हे काम सरकारने खरोखर चांगलं केलं. इंधनातलं गंधक एकदम कमी झालं. पण ऊस ओढणारे जुने ट्रॅक्टर आणि रॉकेलचा वास मारणाऱ्या जुन्या रिक्षा रस्त्यावर आहेतच.

हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळते, आणि चिमणीची राख पकडणारी यंत्रणा नीट चालली नाही तर काजळी उडते. आई गच्चीवर सांडगे घालते. एका जानेवारीत दुपारी वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर तिळासारखे काळे कण पडले होते. झटकायला गेलं तर ते साडीवर ओघळत गेले. ती साडी तिने नंतर पिशव्यांसाठी फाडली.

नदीकाठच्या वीटभट्ट्या, काही गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडासोबत जाणारे टायरचे तुकडे, शेतातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आणि गल्लीबोळातला कचऱ्याचा जाळ. शिवाय घरातली चूल. उज्ज्वला योजनेत 2016 पासून गॅस घरोघरी गेला, पण सिलिंडर संपला की पुन्हा लाकूड पेटतं, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नाकाशी बाहेरच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा जास्त धूर असतो.

थंडीत हे सगळं खालीच साचतं. जमिनीजवळची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे वर झाकण बसल्यासारखं होतं. डिसेंबरात पहाटे आयर्विन पुलावर फिरायला जाणारे ज्याला धुकं म्हणतात त्यातलं सगळंच काही कृष्णेची वाफ नसते. नाकाला कळतं.

मग हवेसाठी सरकार काहीच करत नाही असं म्हणायचं का?

नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. 1981 पासून हवेचा कायदा आहे. स्वच्छ हवा कार्यक्रमात 2017 च्या तुलनेत 2024 पर्यंत 20 ते 30 टक्के घट करायची होती, पुढे ते लक्ष्य 2025-26 पर्यंत 40 टक्के केलं गेलं. महापालिकांना पैसे मिळतात.

माझी अडचण पैसे कशावर जातात याची आहे. देशभरात या निधीतला मोठा वाटा रस्त्याच्या धुळीवर गेला: झाडण्याची यंत्रं, पाण्याचे फवारे, दुभाजकातली हिरवळ. ते वाईट नाही, आपल्या रस्त्यांना त्याची गरज आहेच. पण धूळ 10 मायक्रॉनच्या आकड्यात मोजली जाते आणि शहराचं यशही मुख्यतः त्याच आकड्यावर ठरतं. जाळातून निघणारा 2.5 चा बारीक कण, जो आईच्या छातीत जातो, तो हिशेबात मागे राहतो. फवारा मारला की फोटो येतो. बोळातला ढीग पेटू दिला नाही, याचा फोटो कसा काढणार?

तुलना करायचीच तर जास्त नुकसान कशाने होतं?

माणसाच्या जिवाचा विचार केला तर हवेने, आणि फरक थोडाथोडका नाही. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे 2019 या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले मृत्यू सुमारे 16.7 लाख होते. फुप्फुसांचे जुनाट आजार, न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, सगळं त्यात आलं. मिरजेत दवाखान्यांची दाटी आहे म्हणून आसपासच्या जिल्ह्यांतूनच काय, कर्नाटकातूनही पेशंट येतात. थंडीत तिथल्या छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला जाऊन बघा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हवेला आधी नंबर मिळायला हवा. पथकातली माणसं, वर्षाचं बजेट, आयुक्तांच्या बैठकीतला वेळ, तिन्ही गोष्टींत.

मग पिशवीबंदी सोडून द्यायची?

अजिबात नाही. 2018 मध्ये मला ही बंदी जाच वाटली होती. ऑगस्ट 2019 मध्ये मत बदललं.

आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या बोळात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर दुकानासमोरची गटार वाहीना. मी आणि शेजारच्या दोन पोरांनी जाळी उचकटली. गाळ फावड्याने निघत नव्हता, कारण आतून पिशव्यांनी शिवल्यासारखा झाला होता. हाताने ओढून काढायला लागलं. एक पिशवी ओढली की मागे चार यायच्या, दोरीसारख्या पिळलेल्या. त्यातली एक हिरव्या पट्ट्याची होती. तशाच पिशव्यांचे गठ्ठे माझ्या खणात सापडले होते.

महापूर पिशव्यांमुळे आला नाही, तो पावसाने आणि धरणाच्या पाण्याने आला. पण पाणी निचरायला जे जास्तीचे दिवस लागले त्यात पिशवीचा हात आहे. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याची जाळी आजही बघा. म्हणून बंदी राहिली पाहिजे.

पिशवी आणि हवा हे दोन वेगळे विषय नाहीत का?

सरकारी फाइलीत वेगळे आहेत. बोळाच्या टोकाला ते एकच आहेत.

2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला साधारण 93 लाख टन प्लॅस्टिक कचरा गोळा करण्याच्या व्यवस्थेबाहेर जातं आणि त्यातलं सुमारे 58 लाख टन उघड्यावर जळतं. अर्ध्याहून जास्त. ज्या पिशवीबद्दल आपण गटार आणि गाय एवढाच विचार करतो, तिचा शेवट बहुतेकदा हवेत होतो. पिशवीचं प्लॅस्टिक जळताना काळा धूर आणि बारीक कण देतं. सोबत पीव्हीसी असेल, म्हणजे वायरचं आवरण, रेक्झिन, जुने फ्लेक्स, तर डायॉक्सिनसारखी विषंही निघतात.

घंटागाडी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी ढीग पेटतो. झाडणारी माणसं मुद्दाम वाईट वागत नाहीत. वर उचलायला गाडी नसते आणि जागा रिकामी दिसायला हवी असते. कचरा वेळेवर उचलला जाणं हेच हवेचं काम आहे, हे महापालिकेने एकदा कागदावर मान्य करावं.

भाजीवाल्या मावशींवरच कारवाई का होते?

कारण त्या पळून जाऊ शकत नाहीत. मंडईत टोपली मांडून बसलेल्या बाईची दिवसाची सगळी कमाई 5,000 होत नाही. पिशवी बनते कारखान्यात, येते ट्रान्सपोर्टने, विकली जाते घाऊक दुकानात. तिथे एक धाड पडली तर मंडईत शंभर पावत्या फाडायची गरज राहत नाही. मला माल देणारा माणूस बंदीनंतरही दोन वर्षं सायकलवरून पिशव्या पोचवत होता. मी घेणं थांबवलं, तो पुढच्या दुकानात गेला.

"विघटनशील" छापलेली पिशवी चालते का?

केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर कंपोस्ट होणारी पिशवी वेगळी धरली जाते. पण ती गटारात किंवा उकिरड्यावर आपोआप विरघळत नाही, तिला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. आणि नुसतं हिरवं पान छापलेल्या पिशव्याही बाजारात खूप आहेत.

कापडी पिशवी तरी खरी चांगली का?

पुन्हा पुन्हा वापरली तरच. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने 2011 मध्ये हिशेब मांडला: नवी सुती पिशवी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा तापमानवाढीच्या दृष्टीने बरी ठरायला ती 131 वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी, खत, सूतगिरणीची वीज सगळं लागतं. म्हणून समारंभात वाटलेल्या, नाव छापलेल्या आणि कपाटात पडलेल्या पिशव्यांचा काही उपयोग नाही. जुनी साडी, जुनी चादर, साखरेचं पोतं यांची शिवलेली पिशवी सगळ्यात उत्तम.

शेतकऱ्याने पाचट जाळलं तर लगेच गुन्हा? आम्ही काय करायचं?

तासगाव-पलूसकडचे गिऱ्हाईक हे चिडून विचारतात आणि त्यांचा राग मला समजतो. तोडणी टोळी मिळत नाही, मिळाली तर पाला सोलायला तयार नसते, मग फड पेटवून तोडतात. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, राखायचा तर हेक्टरी 8 ते 10 टन पाचट सरीत पडलेलं. काडी लावणं एका दिवसाचं काम आहे.

पण ज्यांनी पाचट सरीत दाबून ठेवलं त्यांच्या रानात ओल टिकते, तण कमी येतं, आणि दोन-तीन वर्षांत माती हाताला भुसभुशीत लागते. अडचण पाचट बारीक करणाऱ्या कुट्टी यंत्राची. ते वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळालं पाहिजे. स्वच्छ हवेचा पैसा शहराच्या हद्दीत अडकतो आणि पाचटाचा धूर हद्द ओलांडून येतो. दुभाजकाच्या हिरवळीपेक्षा कुट्टी यंत्रांवर खर्च झाला तर सांगलीची हवा जास्त सुधारेल, असं मला ठामपणे वाटतं.

साताऱ्यात काय परिस्थिती आहे?

सातारा स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाही. डोंगर आणि वारा यांची त्यांना साथ आहे. पण सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाची धूळ ज्यांनी कराडजवळ खाल्ली आहे, त्यांना यादीत नाव नसल्याचा फार आनंद नसावा. यादीत नसलं की निधीही नसतो.

समोर कचरा जळतोय. आत्ता कुणाला सांगू?

आधी पाणी ओतून विझवा, शक्य असेल तर. मग फोटो, वेळ आणि जागा टिपून ठेवा. फोटो केंद्राच्या स्वच्छता अ‍ॅपवर टाका आणि प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकाला कळवा. कारखान्याचा धूर असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट करा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या किती पावत्या फाडल्या आणि कचरा जाळल्याच्या किती? आपल्या प्रभागापुरतं विचारलं तर टोलवाटोलवी कमी होते. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की नगरसेवकाशी बोलायला दुसरं काही लागत नाही.

आमच्या बोळात आम्ही अकरा दुकानदारांनी सह्या करून अर्ज दिला. तीन महिने काही झालं नाही. मग घंटागाडीची वेळ सकाळी साडेसहाची झाली, ढीग साचायच्या आधीची. आता आठवड्यातून एखाद्या दिवशी पेटतो, पूर्वी रोज पेटायचा.

पिशवी विसरून आलो तर तुमच्या दुकानात काय मिळेल?

दाराशेजारच्या खुंटीला आईने शिवलेल्या पिशव्या टांगलेल्या आहेत. 20 रुपये ठेव ठेवायची आणि पिशवी न्यायची, परत आणली की 20 रुपये परत. आयर्लंडने 2002 मध्ये पिशवीवर 15 सेंटचा कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला, हे वाचून मला ही कल्पना सुचली. सुट्टं तेल न्यायचं असेल तर डबा घरूनच आणा. साखर-डाळ कागदी पुड्यात दोऱ्याने बांधून मिळेल. पावसाळ्यात पुडा भिजतो, तेव्हा वरून जुन्या वर्तमानपत्राचा आणखी एक थर देतो.

काळे कण पडलेल्या साडीच्या सात पिशव्या झाल्या. त्यातल्या पाच सध्या गिऱ्हाइकांकडे आहेत.